डोळे मिटल्यावर जाणारा तोल : मधुमेह, वजन आणि साडेअकरा महिन्यांची नोंद

९ फेब्रुवारी २०२४ च्या सकाळी चेहऱ्याला साबण लावून मी डोळे मिटले आणि पुढच्याच क्षणी माझे कपाळ नळावर आपटले. चक्कर आली नव्हती, फरशी ओली नव्हती, पायही घसरला नव्हता. शरीर हळूहळू पुढे कलत गेले होते आणि कपाळाला नळ लागेपर्यंत मला त्याचा पत्ताच नव्हता. लागले फारसे नाही, भुवईच्या वर छोटेसे टेंगूळ आले. पण डोळे उघडे असताना जे शरीर नीट उभे राहते ते डोळे मिटताच पुढे का जाते, हा प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही.

त्या वेळी मला टाइप २ मधुमेह होऊन १३ वर्षे झाली होती. वय ५८, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३६.९. इतक्या वर्षांत ‘वजन कमी करा’ हा सल्ला मी किती वेळा ऐकला याची गणती नाही. त्यामागचे कारण कधी साखर असे, कधी हृदय, कधी गुडघे. वजनाचा तोलाशी काही संबंध असतो असे कोणी सांगितले नव्हते आणि खरे सांगायचे तर मीही कधी विचारले नव्हते. त्यानंतरच्या साडेअकरा महिन्यांत तपासण्या, अर्ज, प्रतीक्षा आणि सराव यांतून जे कळले ते ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने इथे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. माझी औषधे आणि माझे व्यायाम माझ्या तपासण्यांवरून ठरवलेले होते, तेव्हा ते कोणी जसेच्या तसे उचलू नयेत.

डॉक्टरांची वेळ ११ दिवसांनी, २० फेब्रुवारीला मिळाली. मधल्या काळात मी एक वही केली आणि गेल्या काही महिन्यांत तोल केव्हा केव्हा गेला होता ते आठवून लिहिले. तारीख, वेळ, उजेड किती होता, पायात काय होते, शेवटचे खाणे आणि औषध कधी झाले होते, असे रकाने आखले. पाच प्रसंग निघाले. वही पाहिल्यावर डॉक्टरांनी पेनाने तीन ओळींवर खुणा केल्या : रात्री दिवा न लावता उठणे, अंगावरून सदरा काढताना डोळ्यांवर कापड येणे आणि नळाचा हा प्रकार. तिन्ही वेळा डोळ्यांना काही दिसत नव्हते. ते म्हणाले, “पाय कुठे आहेत ते तुमचे डोळे पाहून ठरवत आहेत. पायांनी सांगायचे ते पाय सांगत नसावेत.” वही नेली नसती तर मी ‘कधीकधी तोल जातो’ एवढेच बोलले असते आणि गाडी पुन्हा साखरेवर गेली असती. ज्यांना असा त्रास होतो त्यांनी वैद्यकीय भेटीपूर्वी असे टिपण जरूर करावे.

उभे राहण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून माहिती मिळते : डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि पाय, म्हणजे तळव्याची त्वचा, घोट्याचे सांधे आणि पोटरीचे स्नायू. मधुमेहात चेतातंतूंना, म्हणजे संवेदना वाहून नेणाऱ्या नसांना, इजा होते तेव्हा सर्वांत लांब तंतू आधी बिघडतात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर चढतो. मला मुंग्या येत नव्हत्या, जळजळ होत नव्हती, आणि म्हणून माझे पाय चांगले आहेत असे मी धरून चालले होते. दुखत नाही याचा अर्थ तिथे काही जाणवतच नाही असाही असू शकतो, हे लक्षात यायला ते टेंगूळ यावे लागले.

त्याच दिवशी डॉक्टरांनी तोल जाण्याची इतर कारणे एकेक करून तपासायला घेतली. पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब घेतला, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घेतला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला महत्त्व असते. माझा वरचा आकडा १२ ने उतरला, म्हणजे ते कारण बाजूला पडले. रक्ततपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा) ८.४ आले आणि ब जीवनसत्त्वांपैकी बी १२ अगदी खालच्या मर्यादेवर निघाले. मी ११ वर्षे मेटफॉर्मिन घेत होते. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी १२ कमी होऊ शकते आणि त्या कमतरतेनेही चेतातंतू बिघडतात, तरी माझी ही तपासणी यापूर्वी एकदाही झालेली नव्हती. त्याच आठवड्यात बी १२ सुरू झाले. त्यामुळे पुढे जी सुधारणा झाली तिच्यात कशाचा वाटा किती, हे मला ठामपणे सांगता येणार नाही, आणि कुणी तसे सांगितले तर माझा विश्वास बसणार नाही. डोळ्यांची तपासणीही करून घेतली. दृष्टिपटल ठीक होते, पण जवळचे आणि दूरचे एकाच काचेत असलेला चष्मा घालून जिना उतरताना पायरी अस्पष्ट दिसते, हे नेत्रतपासनिसाने सांगितले तेव्हा वहीतला चौथा प्रसंग उलगडला.

पायांच्या तपासणीसाठी पाच आठवडे थांबावे लागले. २७ मार्चला ती झाली तेव्हा वाटले, इतक्या साध्या गोष्टीसाठी इतकी वर्षे का गेली? मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा एक तंतू असतो. तो त्वचेवर टेकवून वाकेपर्यंत दाबला की साधारण १० ग्रॅमचा दाब पडतो. मला डोळे मिटून पडायचे होते आणि स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचे होते. उजव्या पायावर १० ठिकाणी तंतू टेकवला, मी चार वेळा ‘हो’ म्हटले. मधे बराच वेळ काहीच झाले नाही म्हणून मी विचारले, “सुरू करायचे ना?” तपासणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, मी अंगठ्यावर आहे.” मी डोळे उघडून पाहिले. तो तंतू माझ्या अंगठ्यावर धनुष्यासारखा वाकलेला होता आणि तो अंगठा जणू दुसऱ्या कुणाचा होता.

मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंप पावणारा धातूचा चिमटा, पायाला लावून झाला, आणि कंपने मोजणारे यंत्र झाले, ज्यात कंपन जाणवेपर्यंत व्होल्ट वाढवत नेतात. २५ च्या पुढचा आकडा पायाला जखम होण्याच्या दृष्टीने धोक्याचा मानला जातो. माझा उजवा अंगठा ३१ वर आणि डावा २८ वर बोलला. निदान कागदावर आले : मधुमेहजन्य परिघीय चेतातंतुविकार, म्हणजे मधुमेहाने हातापायांच्या चेतातंतूंना झालेली इजा. मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना आयुष्यात केव्हातरी तो होतो, असे सांगून त्यांनी मला धीर दिला, पण तो धीर मला फारसा लागू पडला नाही.

आता कागदपत्रांचा भाग. तोलाची सविस्तर चाचणी आणि फिजिओथेरपीची १६ सत्रे यांसाठी विम्याची पूर्वमंजुरी हवी होती. ३ एप्रिलला अर्ज दिला आणि १५ एप्रिलला तो नामंजूर होऊन आला. कारण एका ओळीचे होते : ‘वजन कमी करण्याचे उपचार योजनेत समाविष्ट नाहीत.’ मी वजन कमी करण्यासाठी अर्ज केलाच नव्हता. शिफारसपत्र काढून पाहिले तेव्हा उलगडा झाला. निदानाच्या रकान्यात पहिला शब्द ‘स्थूलता’ होता, दुसरा मधुमेह, आणि चेतातंतुविकार तिसऱ्या क्रमांकावर, तोही संक्षेपाने लिहिलेला. वाचणाऱ्याने पहिला शब्द वाचून शिक्का मारला असावा. डॉक्टरांनी पत्र पुन्हा लिहून दिले. त्यात काहीही नवे नव्हते, फक्त क्रम बदलला : मधुमेहजन्य चेतातंतुविकार, तोल बिघडणे, पडण्याचा धोका, आणि मग सहव्याधी म्हणून स्थूलता. सोबत पायांच्या तपासणीचा अहवाल आणि माझ्या वहीतल्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. १८ एप्रिलला दिलेला हा अर्ज ७ मे रोजी मंजूर झाला, पण १६ ऐवजी ८ सत्रांसाठी. उरलेल्या ८ सत्रांचा खर्च मी उचलला. तेव्हा एवढेच सांगते : शिफारसपत्र हातात पडले की तिथेच उभे राहून वाचावे, निदानाच्या रकान्यात पहिल्या ओळीत काय आहे ते पाहावे, आणि अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. माझ्याकडे पहिल्या अर्जाची पोच नव्हती, त्यामुळे तो केव्हा आला यावरच दोन दिवस वाद चालला होता.

१४ मेच्या तोलचाचणीची मला भीती वाटत होती, आणि ती भीती यंत्राची नव्हती. चाचणीत पडू नये म्हणून छताला अडकवलेला पट्ट्यांचा एक जामा अंगावर चढवतात. माझ्या अंगावर त्याचे पुढचे बक्कल लागेना. तंत्रज्ञाने एकदा ओढून पाहिले, मग काही न बोलता कपाटातून दुसरा, मोठा जामा आणला आणि “हा जास्त आरामात बसतो” एवढेच म्हटले. त्या दोन मिनिटांत मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले होते. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी वेळ ठरवतानाच वजन सांगून मोठा जामा तयार ठेवायला सांगावे. सांगताना लाज वाटते खरी, पण तिथे उभे राहून वाटते त्याहून कमी वाटते.

चाचणीत एका चौकोनी फळीवर अनवाणी, हात बाजूला सोडून ३० सेकंद उभे राहायचे असते. फळीखालचे संवेदक तळव्यांचा भार कुठे पडतो आहे ते सतत मोजतात आणि पडद्यावर एक टिंब हलत राहते. पूर्ण स्थिर असे कोणीच उभे राहत नाही, निरोगी माणसाचे टिंबही थोडे फिरते. डोळे उघडे असताना माझ्या टिंबाने ३० सेकंदांत ५८ सेंटिमीटरची वाट कापली, डोळे मिटून ९७ सेंटिमीटरची. मग फळीवर जाड फोम ठेवला. फोमवर पायांकडून येणारी माहिती आणखी संदिग्ध होते, आणि डोळे मिटले की जवळजवळ सगळी भिस्त कानाच्या आतल्या अवयवावर राहते. तिथे मी सातव्या सेकंदाला कोसळले आणि जाम्यात लोंबकळले. पडद्यावरची रेघ लहान मुलाने पेन्सिल गिरमटावी तशी दिसत होती. शिवाय खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे याला १५.२ सेकंद लागले. ज्येष्ठांमध्ये १२ किंवा त्याहून अधिक सेकंद लागले तर पडण्याचा धोका धरतात. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून एका रेषेत उभे राहणे १० सेकंद जमायला हवे, ते मला चार सेकंद जमले.

यानंतर फिजिओथेरपिस्टने जे करून दाखवले त्यामुळे १३ वर्षांच्या त्या सल्ल्याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला. तिने मला पुन्हा फळीवर उभे केले आणि पाच किलोचे वजन दोन्ही हातांनी पोटासमोर धरायला दिले. पडद्यावरचे टिंब बोटांच्या दिशेने पुढे सरकले. “आता पोटऱ्यांकडे लक्ष द्या,” ती म्हणाली. पोटऱ्या दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. माणूस उभा असतो म्हणजे घोट्यावर तोललेली एक उलटी काठी असते. काठी थोडी कलली की वस्तुमान जितके जास्त तितकी तिला खाली ओढणारी ताकद जास्त, आणि ती आवरायला पोटरीने मारायची ओढही तितकीच जास्त. वजन पोटावर साठलेले असेल तर शरीराचा गुरुत्वमध्य पुढे, बोटांकडे सरकतो आणि पोटऱ्या दिवसभर राबत राहतात. तिने वजन माझ्या हातातून काढून घेतले आणि म्हणाली, “हे मी काढून घेतले. तुमचे अंगावरचे तुम्हाला काढून ठेवता येत नाही, एवढाच फरक आहे.” रांगेत दहा मिनिटे उभे राहिल्यावर माझ्या पोटऱ्यांत जी आग होते ती मी वयावर ढकलली होती.

दुसरी गोष्ट तळव्यांची. तळव्याच्या त्वचेतले दाब ओळखणारे ग्राहक लहानसहान बदल टिपून मेंदूला कळवतात. वजन जास्त असले की तळव्यावर सतत मोठा दाब राहतो आणि त्यावरचा छोटा बदल ओळखणे अवघड होते, जसे गर्दीच्या गोंगाटात कुणी हळू बोललेले ऐकू येत नाही. मधुमेह नसलेल्या स्थूल माणसांमध्येही तोल अधिक डोलतो असे आढळले आहे, त्यामागे ही दोन्ही कारणे असावीत. मधुमेहाने चेतातंतू बिघडले की त्या ग्राहकांकडून निघणारी तारच झिजलेली असते. म्हणजे काठी जड, तिची खबर उशिरा येणारी, आणि आवरणारा स्नायू आधीच थकलेला. माझा नळाचा प्रसंग या तिन्हींतून घडला होता. डोळे उघडे असेपर्यंत डोळ्यांनी सगळे झाकून नेले होते.

सराव २१ मे रोजी सुरू झाला. आठवड्यातून दोन सत्रे आणि घरी रोज १५ मिनिटे. घरचा सराव भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून, समोर जड खुर्ची ठेवून करायचा. असे केल्याने कोणत्याही बाजूला तोल गेला तरी आधार मिळतो. हाताने खुर्ची न धरता उठणे-बसणे, टाचा उचलणे, टाचेला बोटे लावून चालणे, एका पायावर उभे राहणे, आणि शेवटी त्यांतले काही डोळे मिटून. डोळे मिटायचे व्यायाम मला एकटीने करायला मनाई होती, ते मुलगी घरी असतानाच. पहिल्या दोन आठवड्यांत मला इतके कंटाळवाणे काही आठवत नाही. टाचा उचलण्यात कसली आली आहे प्रगती, असे वाटायचे. वहीत आकडे लिहीत गेले म्हणून टिकले : टाचा ८ वेळा, मग १०, एकदा पुन्हा ७, मग १२.

सहाव्या सत्रात अंग थरथरायला लागले आणि घाम फुटला. साखर ६४ निघाली. ७० च्या खाली गेली की लगेच शोषली जाणारी १५ ग्रॅम साखर घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, हा नियम मला माहीत होता, पण पिशवीत त्या दिवशी काहीच नव्हते. फिजिओथेरपिस्टकडच्या ग्लुकोजच्या गोळ्यांवर निभावले. व्यायाम वाढला आणि खाणे कमी झाले होते, मात्र सल्फोनिलयुरिया गटातल्या (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) माझ्या गोळीची मात्रा तीच राहिली होती. डॉक्टरांनी ती निम्मी केली. साखर उतरल्यानेही तोल जातो, तेव्हा ही गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम सुरू करण्यापूर्वीच मात्रेविषयी विचारून घ्यावे. मी नंतर विचारले.

दुसरी चूक बुटांची झाली. मऊ तळाचे बूट पायाला सुखाचे असतात म्हणून मी तसेच घेतले. तळ फार मऊ आणि जाड असेल तर तळव्याला जमीन आणखीच कळेनाशी होते, हे नंतर समजले. पण त्याआधीच त्या बुटाने करंगळीला फोड आला. दुखले काहीच नाही, मोज्यावर डाग दिसला म्हणून कळले. जखम भरेपर्यंत सत्रे थांबली आणि दोन आठवडे गेले. तेव्हापासून रोज रात्री आरशाने तळवे पाहते. बूट आता संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, मापून घेते. त्यांचा तळ पातळ आणि घट्ट असतो, टाच मागून बंद असते, आणि पहिल्या दिवशी ते अर्ध्या तासापेक्षा जास्त घालत नाही. पाय बधिर असताना अनवाणी चालणे धोक्याचे, म्हणून अनवाणी फक्त सत्रात, स्वच्छ चटईवर.

वजनाचे काम समांतर चालू होते आणि त्यात माझी घाई आहारतज्ज्ञांनी रोखली. मला तीन महिन्यांत १५ किलो उतरवायचे होते. त्यांनी विचारले, “उतरवलेल्या किलोंत स्नायू किती चालतील तुम्हाला?” मला उत्तर देता आले नाही. खाण्यात प्रथिने पुरेशी ठेवणे, दर आठवड्याला दोनदा ताकदीचे व्यायाम आणि महिन्याला सव्वा किलोच्या आत राहणे, असे ठरले. मी या काळात लुक अहेड या मोठ्या अमेरिकी चाचणीविषयी वाचले. २००१ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत टाइप २ मधुमेह आणि जास्त वजन असलेले ५,१४५ प्रौढ होते. आहार आणि व्यायामाने वजन घटवणाऱ्या गटाने चेतातंतूंच्या तक्रारी कमी सांगितल्या आणि ही घट उतरलेल्या वजनाशी निगडित होती. प्रत्यक्ष पाय तपासल्यावर मात्र अंगठ्यांच्या स्पर्शसंवेदनेचा अपवाद सोडता दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्याच चाचणीत खुबा, कटीची हाडे आणि दंडाचा वरचा भाग मोडण्याचे प्रमाण वजन घटवणाऱ्यांत जास्त निघाले. हे वाचल्यावर आहारतज्ज्ञांचा प्रश्न मला टोमणा वाटेनासा झाला.

सत्रे जुलैच्या अखेरीस संपली आणि ६ ऑगस्टला फेरचाचणी झाली. वजन ८९.५ किलो होते, म्हणजे अडीच किलोच उतरलेले. तरी उठून चालण्याची वेळ १५.२ वरून १२.३ सेकंदांवर आली होती, एका रेषेत उभे राहणे चारवरून नऊ सेकंदांवर आणि फोमवर डोळे मिटून सातवरून बारा सेकंदांवर. ही कमाई मुख्यतः सरावाची होती. नुसते उभे राहण्याचे आकडे तितके हलले नव्हते : डोळे उघडे ५२ सेंटिमीटर, मिटून ८४. मी थोडी खट्टू झाले. फिजिओथेरपिस्ट म्हणाली की हलणे शिकता येते आणि मी ते शिकले आहे. उभे राहताना मात्र काठीचा जडपणा आणि तिची खबर, दोन्ही जागच्या जागी आहेत.

ऑगस्ट ते जानेवारी या काळात सांगण्यासारखे थोडेच आहे. घरचा सराव चालू राहिला, ऑक्टोबरात तीन आठवडे सर्दीखोकल्याने बुडाला आणि पुन्हा सुरू करताना आकडे मागे गेले. नोव्हेंबरमध्ये वजन पाच आठवडे एका जागी अडले. एचबीएवनसी डिसेंबरात ७.१ आले. घरात झोपण्याच्या जागेपासून न्हाणीघरापर्यंत पायाच्या पातळीवर मंद दिवे लावले, तेही याच काळात. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त होता आणि तो मी पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता.

२१ जानेवारी २०२५ ला दुसरी फेरचाचणी झाली. वजन ८५ किलो, सुरुवातीपेक्षा सात किलो कमी. डोळे उघडून टिंबाची वाट ४४ सेंटिमीटर, मिटून ७६. उठून चालणे ११.४ सेकंद, एका रेषेत पूर्ण १० सेकंद. फोमवर डोळे मिटून १९ सेकंद टिकले आणि मग पुन्हा जाम्यात लोंबकळले. या वेळी बक्कल पहिल्याच जाम्याचे लागले होते, तंत्रज्ञ बदललेला होता आणि त्याला त्यात विशेष काही वाटायचे कारण नव्हते. मोनोफिलामेंटही झाले. दहापैकी चारच. उजवा अंगठा ३१ व्होल्टला बोलत होता तो आता ३० ला बोलला, आणि एवढा फरक मोजणीतलाच असतो असे तपासणाऱ्यांनी स्पष्ट सांगितले. चेतातंतू जिथे होते तिथे आहेत. रांगेत उभे राहिल्यावर पोटऱ्यांत होणारी आग मात्र कधी थांबली ते मला आठवत नाही. जानेवारीत कुणीतरी विचारले तेव्हा लक्षात आले की ती बऱ्याच दिवसांत झालेली नाही.

पुढची तोलचाचणी जुलैत आहे आणि तिच्यासाठी नवी पूर्वमंजुरी लागते. शिफारसपत्र गेल्या आठवड्यात मिळाले. दवाखान्यातच उभे राहून वाचले. निदानाच्या रकान्यात पहिला शब्द पुन्हा ‘स्थूलता’ होता. मी पत्र परत आत पाठवले, वीस मिनिटे बसले, दुरुस्त होऊन आल्यावर अर्ज भरला, आणि पोच वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवली आहे.